भाग दोन, आत्ता उघडू नये

मी एका दाव्याची फाईल बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धी फाईल. माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं 'भाग दोन' असं लिहिलंय आणि त्याखाली वेगळ्याच कुणाच्या तरी अक्षरात, 'आत्ता उघडू नये'. हे 'आत्ता' जवळजवळ पाच वर्षं चाललं. तेव्हा माझ्या बोलण्यात जरा चिडचिड दिसली तर समजून घ्या.

जन्मले तेव्हा मी अख्खी होते. एका वकिलांच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत, टंकलेखक बाईंनी माझ्या कागदांना भोकं पाडली, हिरवा पुठ्ठा लावला आणि पांढऱ्या नाडीनं करकचून बांधलं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत मी एकाच बाईची गोष्ट होते. तिला सगळे पेंटरबाई म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवायचं तिचं काम. छापील पाट्यांच्या जमान्यातही तिच्याकडे लोक यायचे, कारण तिच्या अक्षराला वळण होतं. तिची थोरली बहीण, ताई, तिच्या जोडीला असायची. ताई खाली उभी राहून रंग कालवायची, ब्रश धुवायची, आणि वर चढलेल्या बहिणीला दर दहा मिनिटांनी "जपून गं" म्हणायची.

एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवायची होती. निळी जमीन, पांढरी अक्षरं. पाटी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, म्हणून दुकानदारानं एका कंपनीकडून परांची भाड्यानं आणली. लोखंडी पाइप आणि फळ्या जोडून उभं केलेलं ते मचाण. फळीवरून माणूस पडू नये म्हणून कमरेच्या उंचीला एक आडवा पाइप असतो आणि तो दोन्ही टोकांना लोखंडी पकडीत बसवलेला असतो. त्या पकडीला क्लॅम्प म्हणतात. पेंटरबाई शेवटच्या अक्षराला होती. उजव्या हातानं पाइप धरून ती डावीकडे वाकली, रंगाचा डबा उचलायला, आणि पाइप तिच्या हातातच निघून आला.

ती खाली पडली, पण वाचली. उजवा तळहात मात्र फाटला, आतल्या शिरा तुटल्या, आणि अंगठा नि पहिलं बोट पुन्हा कधी एकमेकांना नीट टेकलं नाही. ब्रश धरायला हीच दोन बोटं लागतात.

कंपनीनं त्याच संध्याकाळी येऊन सगळी परांची उचलून नेली. नंतर त्यांनी लेखी कळवलं, की आमचे सगळे क्लॅम्प शाबूत आहेत, बाईंना खालची ओळ रंगवायला पाइप आड येत होता म्हणून त्यांनीच तो काढून ठेवला. म्हणजे चूक तिची. एवढं कळवून कंपनीनं हात वर केले.

म्हणून दावा आला आणि म्हणून मी आले.

सुनावणीच्या पाचव्या तारखेला माझे दोन तुकडे झाले.

कंपनीचे वकील सोनेरी काडीचा चष्मा लावायचे, त्यांना कोर्टात सगळे चष्मेवाले म्हणत. त्यांनी अर्ज दिला. त्यांचं म्हणणं असं, की दोष कुणाचा हा एक प्रश्न आणि नुकसान किती हा दुसरा. दोन्ही एकदम चालवले तर जखमी हाताचे फोटो बघून कुणाचंही मन हेलावेल आणि दोषाचा विचार थंड डोक्यानं होणार नाही. शिवाय दोष नाहीच असं ठरलं, तर डॉक्टरांच्या साक्षी, औषधांची कागदपत्रं, घरची परिस्थिती, हे सगळं ऐकण्यात कोर्टाचे महिने फुकट जातील.

न्यायाधीश शांत गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि अर्ज मान्य केला. आधी दोष, मग नुकसान. मी त्यांना नावं ठेवत नाही. कागदावर ही रीत शहाणपणाचीच दिसते. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या चाळीस फायली होत्या.

पण पुढे जे झालं ते शहाणपणाचं नव्हतं. तिथल्या कारकुनानं जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत माझी नाडी सोडली आणि पानं दोन ढिगांत टाकायला सुरुवात केली. पाइप, क्लॅम्प, भाड्याचा करार, तपासणीची वही, हे एका बाजूला. हात, दवाखाना, औषधं, घर, हे दुसऱ्या बाजूला. तो पानाच्या वरची ओळ बघायचा आणि टाकायचा. वर दवाखान्याचं नाव दिसलं, की पान माझ्याकडे. पूर्ण पान त्यानं एकही वाचलं नाही.

आता ऐका. एक्केचाळिसाव्या पानावर शस्त्रक्रियेची नोंद होती. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं. त्या पानाच्या मागे एक छोटं खाकी पाकीट टाचलेलं होतं आणि पाकिटात लोखंडाचा एक वाकडा तुकडा. नखाएवढा. डॉक्टरांनी तो पेंटरबाईच्या तळहातातून काढला होता. तो क्लॅम्पचा तुटलेला दात होता. दवाखान्यानं सगळे कागद एका पिशवीत घालून ताईला दिले, ताईनं पिशवी तशीच वकिलांना दिली, टंकलेखक बाईंनी 'दवाखान्याचे कागद, एकूण चौसष्ट' अशी नोंद केली. पाकीट कुणीच उघडलं नाही.

म्हणजे दोष कुणाचा याचं उत्तर माझ्या पोटात होतं. आणि मी नुकसानीची फाईल होते.

मला रेकॉर्डच्या खोलीत नेलं. ती खोली एक काकू सांभाळायच्या. तारखांच्या दिवशी फायली काढायच्या, परत आल्या की लावायच्या, अधूनमधून फडक्यानं पुसायच्या. माझी जागा खिडकीशेजारच्या फळीवर होती. खिडकी व्हरांड्यात उघडायची आणि व्हरांड्यात बाकडं होतं, जिथे पक्षकार ताटकळत बसायचे. माझा पहिला भाग माझ्या शेजारीच ठेवलेला असे. पण त्याची तारीख आली, की काकू त्याला काढून न्यायच्या आणि मी तिथेच. संध्याकाळी तो दोनचार नवी पानं पोटात घालून परत यायचा. त्या पानांवरून मला कळायचं आत काय झालं ते.

काय व्हायचं? एकदा कंपनीचे वकील आजारी. एकदा कंपनीचा मुकादम गावाला. एकदा न्यायाधीश प्रशिक्षणाला. मग मुकादम आला आणि शपथेवर सांगून गेला, की परत नेताना प्रत्येक क्लॅम्प मी स्वतः बघितला, एकही तुटका नव्हता. तपासणीच्या वहीत सगळीकडे एकाच शाईनं बरोबरच्या खुणा. पेंटरबाईच्या वकिलांनी त्याला तासभर घोळवलं, पण हातात काही लागलं नाही. आणि मी फळीवर, आठ पावलांवर, तो लोखंडी दात पोटात टोचत असलेली. ओरडता आलं असतं तर मी ती खोली डोक्यावर घेतली असती.

माणसांची एक सवय मी इथे पाहिली. एखाद्या गोष्टीवर चिठ्ठी चिकटवली, की ती माणसं पुढे चिठ्ठीच वाचतात, गोष्ट वाचत नाहीत.

सगळ्यात वाईट दिवस ताईच्या साक्षीचा. चष्मेवाल्यांनी तिला एवढंच विचारलं, की पाइप जागेवर होता हे तुम्ही पाहिलंत का? ताई म्हणाली, मी खाली होते, ब्रश धूत होते. म्हणजे पाहिलं नाही? नाही, ताई म्हणाली. संपली साक्ष.

त्या दुपारी दोघी बहिणी बाकड्यावर येऊन बसल्या.  मग ताईनं हळूच विचारलं, "खरं सांग, तू तो पाइप काढला नव्हतास ना?"

पेंटरबाईनं तिच्याकडे पाहिलं.  उजवा हात पदराखाली घेतला आणि उठून गेली. पुढच्या तारखेपासून दोघी येत राहिल्या, पण मध्ये ताईची पिशवी ठेवलेली असायची आणि डबा दोघी वेगवेगळा खायच्या.

तेव्हा मला समजलं की हा दावा नुसता हाताचा राहिलेला नाही. दुकानदार मंडळीत आधीच बोललं जात होतं, की बाई निष्काळजी आहे, उंचावरचं काम हिला देऊ नये. ते तिनं सोसलं असतं. पण सख्ख्या बहिणीच्या मनात किंतु आला आणि तो घालवायला तिच्याकडे स्वतःच्या शब्दाशिवाय काहीही नव्हतं. असं तिला वाटत होतं. मला माहीत होतं की आहे. माहीत असून काय उपयोग?

चौथ्या वर्षी शांत न्यायाधीशांची बदली झाली. त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी दोन महिने फक्त जुन्या फायली वाचण्यात घालवले. माझा पहिला भाग त्यांनी वाचला. मी बंद होते, म्हणून मला हात लावला नाही.

मी उघडले ती त्यांच्यामुळे नव्हे. पेंटरबाईचा हात थंडीत फार दुखायचा. दुसऱ्या शहरातल्या एका हातांच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की पुन्हा शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण पहिल्या वेळी आत काय काय केलं त्याची नोंद आणा. जुन्या दवाखान्यानं सांगितलं, मूळ कागद तुम्हालाच दिलेत. मूळ कागद माझ्यात. म्हणून तिनं नकलेसाठी अर्ज केला. स्वतःच्याच हाताच्या कागदांसाठी. अर्ज एकदा परत आला, कारण भाग दोन बंद आहे. दुसऱ्यांदा परत आला, कारण कोणती पानं ते लिहिलं नाही. ती पानं बघितल्याशिवाय कशी लिहिणार, असं तिनं विचारलं तर त्यालाही लेखी अर्ज लागेल असं उत्तर मिळालं. शेवटी काकूंनाच राहवलं नाही. त्या स्वतः वर जाऊन नव्या न्यायाधीशबाईंची सही घेऊन आल्या. चार महिने लागले.

काकूंनी मला नकलेच्या टेबलावर आणलं, धूळ झटकली, नाडी सोडली. पेंटरबाई समोर बसली होती. नक्कल करणारा कारकून पानं उलटत गेला आणि एक्केचाळिसाव्याला अडकला. मशीनवर पान सपाट बसेना.

"हे पाकीट कसलं आहे बाई?" त्यानं विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिनं पान स्वतःकडे फिरवलं. कारकुनाला ते अक्षर लागत नव्हतं, काकूंना लागलं नाही, आणि आजवर कुठल्याच वकिलानं लावून बघितलं नव्हतं. पण ही बाई आयुष्यभर अक्षरांत राहिलेली. कुठली रेघ कुठून निघून कुठे वळते हे तिला डोळ्यांनी कळायचं. तिनं डाव्या हाताचं बोट ओळीखाली धरलं आणि सावकाश वाचलं. "तळहातात खोल रुतलेला... लोखंडी तुकडा... एका बाजूला आटे... काढून पाकिटात ठेवला."

तिनं पाकिटाचं तोंड उघडून आत पाहिलं. तुकड्याला हात लावला नाही. काकूंना म्हणाली, मी इथेच बसते, माझ्या वकिलांना फोन करा, आणि तोवर हे पान कुणी हलवू नका.

तुम्हाला वाटेल आता झालं. मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवसांत निकाल लागेल असं समजून मी खुळ्यासारखी खूश होते.

चष्मेवाल्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, हा पुरावा दुसऱ्या भागातला आहे. पहिल्या भागात तो आणता येणार नाही. दोन भाग केले ते याच्यासाठीच, की नुकसानीच्या कागदांचा दोषाच्या प्रश्नावर परिणाम होऊ नये. मग पुढची तारीख. मग ती तारीख रद्द. मग एक अर्ज, त्याला उत्तर, उत्तराला उत्तर. एका पानानं आठ पावलं चालावीत की नाही यावर तीन महिने खल चालला. कागद असून माझं डोकं पिकलं.

अखेर त्या हरकतीवरच्या सुनावणीला मला आत नेलं. पहिल्यांदाच आम्ही दोन्ही भाग एका टेबलावर होतो. न्यायाधीशबाईंनी चष्मेवाल्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग पाकीट मागवलं, तुकडा पांढऱ्या कागदावर ओतला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "हा कुठल्या भागातला आहे, हे मला याच्याकडे बघून काही कळत नाही. लोखंडाचा आहे एवढं दिसतंय."

त्यांनी तो तुकडा तज्ज्ञ इंजिनिअरकडे पाठवला. अहवाल आला. तुकडा क्लॅम्पच्या जबड्याचा होता. त्याची तुटलेली बाजू अर्धी ताजी आणि अर्धी आतपर्यंत गंजलेली होती. म्हणजे तडा फार आधीपासून होता आणि त्या दिवशी तो पुरता गेला. आणि पाइप काढून बाजूला ठेवलेला असता, तर क्लॅम्पवर भार आलाच नसता आणि त्याचा दात तुटून बाईच्या तळहातात शिरलाही नसता. मुकादमाला पुन्हा बोलावलं. या वेळी त्यानं वहीतल्या खुणा आपण एका दिवशी एकदम केल्या होत्या हे कबूल केलं, आणि कुणी सांगितलं ते विचारल्यावर मान खाली घातली.

पहिल्या भागाचा निकाल लागला. दोष कंपनीचा.

पेंटरबाईनं लगेच निकालाची नक्कल मागितली. मिळाली नाही. अजून दुसरा भाग बाकी आहे, पूर्ण निकाल झाल्यावर एकत्र मिळेल, असं नकलेच्या खिडकीवर सांगितलं. ती परतली.

मग माझी पाळी आली. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते. माझ्यावरची 'आत्ता उघडू नये' ही ओळ खोडली गेली. मला वाटलं, आता माझं प्रत्येक पान वाचतील. हात दुखून ती रात्रीची बसून राहते हे माझ्यात होतं. भाजी चिरताना सुरी निसटते, बटण लागत नाही, हातात कप धरवत नाही म्हणून ती दुसऱ्यांकडे चहा घेत नाही, हे सगळं होतं.

चष्मेवाल्यांनी एकच फोटो पुढे केला. नव्या औषधांच्या दुकानाची पाटी. हिरव्यावर पांढरी अक्षरं.

ही तुम्ही रंगवलीत? त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. कुठल्या हातानं? डाव्या. चांगली झालीय. ती पुन्हा हो म्हणाली. म्हणजे तुमचा धंदा चालू आहे.

त्या पाटीसाठी तिनं तीन वर्षं जुन्या पत्र्यांवर डाव्या हातानं गिरवलं होतं, मुळाक्षरांपासून, बालवाडीतल्या मुलासारखं. सुरुवातीची अक्षरं बघून स्वतः रडली होती. हे आता तिच्याविरुद्ध मोजलं जात होतं. मला त्या वेळी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. दावा पहिल्याच वर्षी संपला असता तर तिच्याकडे दाखवायला फक्त निकामी हात असता. यांनी तिला लटकवून ठेवलं, त्या वेळात ती शिकली, आणि शिकली म्हणून तिचं नुकसान कमी.

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का.

"मॅडम, तुम्ही लोकांनी मला इतकी वर्षं दुसऱ्या भागात ठेवलंत," ती म्हणाली. "पण पोट पहिल्या भागातच होतं. हात रिकामा ठेवून मी कुणाची वाट बघणार होते?"

 न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. माझ्या शेवटच्या पानांत ते आहेत.

भरपाई मिळाली. तिनं मागितली होती त्याच्या निम्म्याहूनही कमी. निकालपत्रात कारण दिलंय, वादीने डाव्या हाताने बऱ्याच अंशी कौशल्य पुन्हा मिळवले आहे. न्यायाधीशबाईंना आणखी द्यायची होती असं मला वाटलं, पण पुढ्यात आलेल्या कागदांवरच त्यांना चालावं लागतं. तिचे वकील वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले. ती म्हणाली, नको, आता पुरे.

दोघी बहिणी नकलेच्या खिडकीवर आल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, दोन्ही निकालांच्या नकला एकत्र मिळत नाहीत, दोन वेगळे अर्ज करावे लागतील. पेंटरबाई हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि ते हसणं काही बरं नव्हतं.

"मग एकच द्या," ती म्हणाली. "पहिल्याची."

माणसानं तिला सांगून बघितलं, की भरपाईचा हुकूम दुसऱ्यात आहे. तो वकिलांकडे राहू दे, ती म्हणाली. नक्कल मिळाली तशी तिनं ती न उघडता ताईच्या हातात दिली. ताईनं चष्मा लावला. पानं उलटत गेली, एका जागी थांबली आणि ओठ हलवत वाचू लागली. वादीने पाइप काढला होता असे मानण्यास कोणताही आधार नाही. ती ओळ तिनं पुन्हा वाचली.

"माझं चुकलं गं," ताई म्हणाली.

 बाकड्यावरची ताईची पिशवी पेंटरबाईनं डाव्या हातानं उचलून खांद्याला लावली आणि दोघी बाहेर पडल्या.

आता मी वरच्या मजल्यावरच्या निकाली दाव्यांच्या खोलीत आहे. पहिला भाग आदल्या वर्षी निकाली निघाला म्हणून तो दुसऱ्या खोलीत. काही वर्षांनी नियमाप्रमाणे आम्हाला लगद्यासाठी पाठवतील, तेही वेगवेगळ्या वर्षी. काकू निवृत्त झाल्या. जाण्याआधी माझी नाडी त्यांनी बदलून नवी बांधली, एवढं एक चांगलं झालं.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती उद्या एखादा दावा आला आणि त्याचे दोन भाग करायची वेळ आली, तर करा बापडे, माझी ना नाही. फक्त नाडी सोडण्याआधी प्रत्येक पान वरच्या ओळीच्या खालीही वाचा. आणि दुसऱ्या भागात कुणी माणूस तर ठेवत नाही ना, एवढं बघा.

माझ्यातल्या निकालाची नक्कल मागितली नाही म्हणून मी पेंटरबाईला दोष देत नाही. तिला जे हवं होतं ते माझ्यात नव्हतंच. माझ्यात फक्त तिचा हात होता, तिची दुखणी होती, आणि ही दुखणी तर ती अंगावर घेऊनच घरी गेली. त्यांची नक्कल करून ती काय करणार?

माझी नक्कल आजवर दुसऱ्याही कुणी मागितलेली नाही. या आता, जाताना दार लोटून घ्या.